न होण्यासाठीची गोळी

आमच्या कॉलेजात विद्यार्थी आरोग्य केंद्र आहे, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती ग्रंथालयाला लागून असलेली एक खोली आहे. एक पलंग, एक वजनकाटा आणि एक लोखंडी कपाट. कपाटात तापाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, जलसंजीवनीची पाकिटं, मुलींसाठी पॅड. उरलेल्या जागेत एनएसएसचे फलक भिंतीला टेकवून ठेवलेले. दर बुधवारी हिंगोलीतलेच एक निवृत्त डॉक्टर येऊन तासभर बसतात. मी ग्रंथपाल. खोली शेजारची म्हणून तिची किल्ली माझ्याकडे असते.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, एड्स दिनाला, त्या खोलीसमोर रांगोळी स्पर्धा होते, लाल फितीची. माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी परीक्षक म्हणून मलाच उभं केलं होतं. तो कशानं गेला हे कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. मी रांगोळ्यांना गुण दिले, एका मुलीची फीत जरा वाकडी होती म्हणून तिला दुसरा क्रमांक दिला, आणि घरी आले. माझा थकवा तेव्हापासूनचा आहे. झोपेनं तो जात नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी पुस्तक बदलायला आली आणि टेबलापाशीच उभी राहिली. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूची सून. मेंढरं-शेळ्या आणि थोडी शेती असलेलं घर, लग्नाला वर्ष झालेलं. ग्रंथालय रिकामं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, शेजारचे डॉक्टर बाईमाणसाचं ऐकतेत का?"

"काय झालंय?"

"मला काही झालं न्हाई. होऊ नये म्हणून पाहिजे."

मग तिनं खाली मान घालून सांगितलं. नवऱ्याचा खोकला जाईना म्हणून सरकारी दवाखान्यात तपासलं, तर टीबी निघाला आणि रक्तात एचआयव्हीही निघाला. त्याचं औषध सुरू झालं होतं. हिचं रक्त चांगलं होतं. तिथल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं: औषधानं त्याच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत सांभाळायचं, आणि बायकोनं रोज घ्यायची एक गोळीही असते, लागण होऊ न देणारी. ती तिथं मिळत नव्हती, पण डॉक्टरनं लिहून दिली तर बाहेरून मागवता येते. कॉलेजात दवाखाना असेल तर विचारून बघ, असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

"निरोध?" मी विचारलं.

"वापरतो. पण एक पाकीट आत्याबाईला सापडलं. दोन दिवस एकच, नातू काहून नको तुमाला? हे नुसते मेंढरासारखे उभे." ती जराशी हसली. आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. घरात टीबी तेवढा माहीत होता, नवऱ्याचा दुसरा आजार कुणालाच माहीत नव्हता. टीबीच्या गोळ्यांत मिसळून तो एचआयव्हीच्याही घ्यायचा.

बुधवारी मी तिच्यासोबत आत गेले. डॉक्टर भले गृहस्थ आहेत, पण ती गोळी त्यांनी आयुष्यात कुणाला लिहून दिली नव्हती. "हे कॉलेज आहे, बाई," ते मला म्हणाले. "इथं डोकं दुखलं, पोट दुखलं, एवढंच." मग मीच प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी दार लावून घेतलं. "असली गोळी कॉलेजात मिळते म्हणून बाहेर कळलं, तर मुलींचे बाप उद्या दाखले काढायला रांग लावतील. तुम्हीच सांगा मॅडम, खोटं बोलतो का मी?" खोटं ते बोलत नव्हते. मी त्यांच्यासमोर नुसती बसून राहिले. उठायची ताकद नव्हती. बऱ्याच वेळानं ते वैतागून म्हणाले, "बरं, ठेवा. पण बोभाटा नको."

पुढच्या बुधवारी डॉक्टर घरून वाचून आले होते. आधी एचआयव्हीची तपासणी पुन्हा, मूत्रपिंडाची, काविळीची, मग गोळी, मग दर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. त्यांनी ते सगळं तिला दोनदा सांगितलं, एकदा तिच्यासाठी आणि एकदा, मला वाटतं, स्वतःसाठी. औषध नांदेडहून यायचं. स्टँडजवळच्या मेडिकलवाल्यानं मागवून द्यायचं कबूल केलं, आणि मी ते तिथून आणून कपाटात ठेवायला लागले.

घरी नेणं शक्य नव्हतं. ती गोळी पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीत येते, रुंद झाकणाची, हलवली की खुळखुळते. अगदी तसल्याच डबीत त्या आजाराचं औषध येतं. आमच्या भागात ती डबी न ओळखणारं गाव सापडायचं नाही. प्रत्येक गावानं एखाद्याच्या उशाशी ती पाहिलेली आहे. माझ्या भावानं त्या डबीत कापूस कोंबून ठेवला होता, आवाज येऊ नये म्हणून. पुढं पुढं तो दवाखान्यातून डबी आणायलाच जाईना. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून.

तर ती रोज पहिल्या तासाआधी यायची, मी कुलूप काढायची, ती एक गोळी घ्यायची आणि वर्गात जायची. रविवारची गोळी कागदाच्या पुडीत बांधून कंपासपेटीतून न्यायची. पहिले काही दिवस तिला मळमळायचं. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. पण सकाळी चुलीसमोर सून तोंड फिरवते हे सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या मनानं वेगळंच घेतलं. मुलीच्या डब्यात चिंचा यायला लागल्या. जड हंडा उचलू देईनात. "मॅडम, शेजारणीला सांगून आल्यात," ती म्हणाली. "आता काय करू?" पुढं पाळी आली आणि चिंचा बंद झाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. ते तिला जास्त लागलं.

दिवाळीच्या सुटीसाठी तिनं गोळ्या पुडीतून नेल्या, पण त्या पुरणार नव्हत्या. नवी डबी यायला उशीर होत होता. आली की मी घेईन आणि तिचा नवरा बाजाराच्या दिवशी माझ्या घरून नेईल, असं ठरलं. तेवढ्यात भावाचं वर्षश्राद्ध आलं. मी कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावी गेले, फोन पिशवीत राहिला.

डबी त्याच दिवशी आली. मेडिकलमधल्या माणसानं मला दोनदा फोन केला, मी उचलला नाही. मग चिठ्ठीवरचं गाव बघून त्यानं तेच केलं जे तो रोज करतो. आमच्याकडे खेड्यावरच्या माणसाचं औषध स्टँडवर त्या गावच्या जीपवाल्याकडे देतात. जीपवाला ते गावच्या किराणा दुकानात ठेवतो. दुकानात त्या घरचं जे कुणी येईल ते घेऊन जातं. पुडक्यावर नाव लिहितात ते घराचं आडनाव. म्हाताऱ्यांचं रक्तदाबाचं औषध वर्षानुवर्षं असंच पोचतं. हयगय त्यात कुणाचीच नाही. दुकानात त्या दिवशी मिठाला सासूबाई आल्या होत्या.

त्यांनी पुडकं तिथंच उघडलं. आतल्या डबीवर मेडिकलवाल्यानं सुनेचं नाव लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुनेला माहेरी पाठवलं. भांडण नाही, शिवी नाही. तिची ताट-वाटी तेवढी वेगळी काढून घासली आणि पालथी घातली. नवरा त्या वेळी मेंढरांमागे लांबच्या रानात होता.

हे मला कळलं ते सासूबाईंकडूनच. कॉलेज उघडलं त्या दिवशी त्या ग्रंथालयात आल्या. अंगानं बारीक, नऊवारी, पायात टायरच्या चपला. डबी पदराच्या टोकाला बांधलेली. शिपायानं खुर्ची दिली ती बाजूला सारून त्या जमिनीवर बसल्या, म्हणून मीही खाली बसले.

"मेडिकलवाला म्हनला, हे औषध कॉलेजातली मॅडम नेती. मंग तुमीच सांगा. पोरीला कवापासून हाय?"

"तिला काहीही झालेलं नाही."

"ही डबी मला शिकवता का? माझा दीर हीच खात खात गेला."

"ही ती गोळी नाही. आजार होऊ नये म्हणून घ्यायची गोळी आहे ही. मावशी, तिचं रक्त चांगलं आहे. तुम्ही तिच्यासोबत जाऊन विचारा."

"पावसाळ्याच्या आधी मेंढरांला टोचतेत, तसं?"

"हो. तसंच." मला हायसं वाटलं.

"पन टोचतेत तवा सगळ्या कळपाला टोचतेत." त्या डबीच्या गाठीवरून बोट फिरवत होत्या. "एकटीलाच कवा टोचतेत, ठाव हाय का? शेजारचं आजारी असलं तर."

बोलणं माझ्या हातात नव्हतं. ते गुपित त्यांच्या मुलाचं होतं. पण गप्प राहणं हेही उत्तरच होतं, आणि ते त्यांना पोचलं. वाचनाच्या टेबलावर दोन मुलं वर्तमानपत्र चाळत होती, त्यांच्याकडे पाठ करून त्या बसल्या होत्या.

"त्यो खातो का बराबर?" त्यांनी विचारलं.

"त्यालाच विचारा, मावशी."

"इचारते." मग म्हणाल्या, "म्या तिचं ताट येगळं केलं वो."

आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नाही. आईनं कापूस भरलेली डबी पाहिली होती, मीही पाहिली होती. खातो का, एवढे दोन शब्द होते. भावाला आम्ही त्याच्या मर्जीवर सोडलं. त्याला आम्ही मायाच समजत होतो. समोर ही बाई पदराला डोळे न लावता कोरडी बसली होती आणि उठून मुलाला विचारायला निघाली होती. मला तिचा हेवा वाटला. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन सुनेला घेऊन आल्या. मधले दिवस गोळीविना गेले होते, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. दोघी सोबत गेल्या. रक्त चांगलं निघालं. आणखी काही आठवड्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. ते नेहमीच तसं म्हणतात.

ती आता शेजारच्या खोलीत येत नाही. मीच एकदा हटकलं, गोळी चालू आहे ना म्हणून.

"चालू हाय मॅडम. आत्याबाई देतेत. सकाळी आम्हा दोघांला शेजारी बसवतेत, आधी ह्यांना, मंग मला. पाणी पिऊन होईस्तोवर हालत न्हाईत. कोनी कोनाला काही बोलत न्हाई."

"आणि नातू?"

"दवाखान्यातल्या बाईला त्यांनीच इचारलं. ह्यांच्या रक्तातलं दबलं की होऊ शकतं म्हनल्या. तवापासून दर महिन्याला ह्यांना इचारतेत, दबलं का रे? जसं काही शेळी गाभण हाय का इचारतेत." तिनं पुस्तक पुढं केलं. मी तारखेचा शिक्का मारला.