टीचरला अडाणी विद्यार्थी हवेत

पृथ्वीच्या पाठीवर जिथे जिथे इंग्रजी शिकवतात, त्या प्रत्येक देशाने माझ्या नणंदेला एकदा तरी नोकरी नाकारली आहे, आणि त्या प्रत्येक देशाला तिने दहापैकी मार्क दिले आहेत. अतिशयोक्ती वाटत असेल तर आमच्या नवघरच्या घरी या, शोकेसच्या खालच्या खणात फाइल आहे. नकाराचं पत्र आलं की ती त्याची प्रिंट काढून आणायची, लाल पेन घेऊन बसायची, स्पेलिंगपासून स्वल्पविरामापर्यंत सगळं तपासायची, खाली शेरा लिहायची आणि त्याचा फोटो काढून ज्यांनी नाकारलं त्यांनाच परत पाठवायची. एका शाळेला तिने दहापैकी चार दिले होते आणि लिहिलं होतं, 'मेहनत घेतल्यास सुधारणा शक्य.' माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, कपाळाला हात लावायचा. "अगं, अशाने तुला कोण घेणार?" ती शांतपणे पेनाचं टोपण लावत म्हणायची, "ज्यांना चूक दाखवलेली चालते, ते घेतील."

तिला आम्ही घरातही टीचर म्हणतो. सासूबाईसुद्धा पोटच्या पोरीला टीचर म्हणतात, यावरून काय ते समजा. मिरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एका क्लासात पंधरा वर्षं ती दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवत होती, आणि शिकवायचं बटण घरी आल्यावर बंद करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर चूक दिसली की आत जाऊन मालकाला बाहेर आणायची. तिला बघायला रत्नागिरीहून एक मुलगा आला होता, त्याला तिने कांदेपोह्यांबरोबर एक उतारा वाचायला दिला. मुलगा बरा होता, उतारा जरा कठीण होता, ते स्थळ तिथेच संपलं. त्यानंतरची स्थळं बहुधा त्याच्याकडून ऐकून येईनाशी झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती, बाहेरच्या देशात जाऊन शिकवायचं. मी एकदा वाटाणे सोलताना विचारलं, एवढा काय हट्ट? ती म्हणाली, "वहिनी, पंधरा वर्षं मी पोरांना एअरपोर्टवरचा संवाद शिकवतेय. बॅग कुठे द्यायची, खिडकीची सीट कशी मागायची, सगळं. मी स्वतः एअरपोर्ट आतून बघितलेला नाही."

पण त्या बाजारात गर्दी भलतीच. कुणाला जन्माने इंग्रजी बोलणारेच हवेत, कुणाला गोरा चेहरा हवा, आणि जिथे यातलं काही नको तिथे एका जागेला शेकड्यांनी अर्ज. त्यात बऱ्याच शाळांची अट, वय चाळिशीच्या आत. टीचरला नुकतीच एकोणचाळीस पूर्ण झालेली. मग तिने कंबर कसली, म्हणजे आमची सगळ्यांची कसली. ज्या देशात अर्ज केला असेल त्या देशाची वेळ ती हॉलमधल्या घड्याळाला लावायची, सवय व्हावी म्हणून. कोरियाच्या वेळी आमचं घड्याळ साडेतीन तास पुढे होतं आणि सासूबाईंनी दोन दिवस बीपीची गोळी कोरियन वेळेने घेतली. पोलंडच्या वेळी ती ऐन मे महिन्यात स्वेटर घालून भाजी आणायला गेली. भाजीवाल्याने "मॅडम, बुखार है क्या?" विचारलं, तर त्याला तिने ताप आणि थंडी यांची इंग्रजी वाक्यं शिकवली आणि येताना कोथिंबीर विसरली.

खरी गंमत पुढेच आहे. या शाळा ऑनलाइन मुलाखतीत म्हणतात, शिकवून दाखवा, आणि समोर इंग्रजी न येणारे विद्यार्थी बसवा. क्लासातली पोरं चालेनात, त्यांना थोडंफार येत होतं. मग टीचरने तीन विद्यार्थी धरले. एक सासूबाई, कारण त्या घरातच होत्या आणि पळू शकत नव्हत्या. दुसरा बिल्डिंगचा वॉचमन, जौनपूरचा. आणि तिसरी मासळीवाली मावशी, जवळच्याच जुन्या गावातली, जी दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाटी घेऊन आमच्या दारात येते आणि माझ्या नवऱ्याशी भांडून मग बांगडे देते. पाटी रिकामी झाली की तिला दुपारी तासभर वेळ असायचा. धड्याचं नाव 'बाजारात'. हॉलमध्ये सतरंजी, समोर कांदे, बटाटे आणि मावशीच्या पाटीतला एक उरलेला बांगडा. पहिल्या मुलाखतीला स्क्रीनवर साहेब दिसताच वॉचमन उठून सॅल्यूट ठोकून उभा राहिला तो शेवटपर्यंत बसलाच नाही. सासूबाईंनी हात जोडले. मावशी एवढंच म्हणाली, "यो मानूस जेवला हाय का न्हाय?" नकार आठवड्यात आला. पाच मार्क.

टीचर मात्र हटली नाही. मंगळवार-शुक्रवार, तीन ते चार, दर वेळी तोच धडा, तोच कांदा. अकरा महिने. आणि इथे तिच्या नशिबाने घात केला, कारण ती खरोखरच चांगली टीचर होती. सहाव्या-सातव्या मुलाखतीपर्यंत तिन्ही विद्यार्थी शिकून बसले. तिने कांदा उचलायच्या आत सासूबाई त्याचं नाव, रंग आणि भाव इंग्रजीत सांगून मोकळ्या व्हायच्या. एका शाळेने चक्क लिहिलं की विद्यार्थी आधीच शिकवलेले वाटतात, हा पाठ खरा नाही. त्या पत्राला तिने आठ मार्क दिले आणि डोकं धरून बसली. मग नवे अडाणी शोधायला ती चार मजले फिरली. पण आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी न येणारे पुष्कळ असले, तरी येत नाही असं कबूल करणारा एकही नाही. प्रत्येकाची मुलं इंग्लिश मीडियमला, त्यामुळे प्रत्येकाला येतंच. शेवटी मी म्हटलं, मी बसते. टीचर म्हणाली, "तू नको, वहिनी. तुला येत नाही आणि येतं असं वाटतं. ते शिकवायला सगळ्यात कठीण." मी त्या दिवशी तिच्या भाजीत मीठ कमी घातलं.

चाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला तेव्हा व्हिएतनाममधल्या एका छोट्या गावातल्या शाळेची मुलाखत ठरली. ही शेवटची, हे तिने सांगितलं नाही, पण या वेळी तिने घड्याळाला हात लावला नाही, त्यावरून मी ओळखलं. तिने तिघांना बसवून बजावलं, आज तुमचा पहिला दिवस आहे, तुम्हाला काही म्हणजे काही येत नाही. सासूबाईंनी मान हलवली, वॉचमन "जी मॅडम" म्हणाला. मावशी मात्र पाटी उचलून उभी राहिली. "अकरा महिनं डोका फोरून शिकले, आनी आता न्हाय येत म्हनू? येतं ता येतं. मी न्हाय बसनार." टीचरने तिचा हात धरला. इतक्या वर्षांत मी तिला कुणाचा हात धरताना पाहिलं नव्हतं. मावशी बसली, पण तोंड फिरवून.

स्क्रीनवर मुख्याध्यापिका बाई आल्या. सासूबाईंनी अडाणीपणाचा असा अभिनय केला की कांदा पाहून त्या दचकल्या. वॉचमन दर प्रश्नाला "नो इंग्लिश मॅडम" म्हणत होता, तेही स्वच्छ इंग्रजीत. मी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून उभी. मग बाईंनी टीचरला सरळच विचारलं, हे लोक किती दिवस शिकताहेत? टीचरने 'आज पहिला दिवस' म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. तिला खोटं बोलता येईना. तेवढ्यात मावशीने मान वळवली. "इलेव्हन मंथ," ती म्हणाली. "फर्स्ट आय नो टॉक. नाऊ आय टॉक. शी शाउट. शी गुड टीचर. यू टेक हर." बाईंनी मावशीला विचारलं, तुम्ही काय करता? झालं. पुढची वीस मिनिटं दोघी मासळीवर बोलत होत्या, कारण त्या बाईंची आई पण मासे विकायची. टीचर कांदा हातात घेऊन नुसती बसली होती. मावशीच्या दर वाक्यात दोन चुका होत्या आणि टीचरने एकही सुधारली नाही.

पत्र दहा दिवसांनी आलं. टीचर सवयीने लाल पेन घेऊन बसली. पहिल्याच ओळीत चूक होती, तिचं नाव चुकलं होतं. तिने पत्र दोनदा वाचलं, पेन बाजूला ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. निघायच्या दिवशी तिने एअरपोर्टच्या आतून मला फोन केला. म्हणाली, "वहिनी, खिडकीची सीट मागितली. मी शिकवते तसंच बोलले, तर त्या मुलीने हिंदीत उत्तर दिलं." आणि हसत सुटली.

आता सहा महिने झाले. घर शांत आहे, कुणी माझं काही सुधारत नाही, आणि मला त्याचा इतका राग येईल असं वाटलं नव्हतं. मावशी शुक्रवारी बांगडे देऊन झाले की अजून पाच मिनिटं उंबऱ्याशी टेकते आणि मला इंग्रजीत टीचरची खुशाली विचारते. मी मराठीत सांगते. परवा बाजारातून आले तर हॉलमधलं घड्याळ दीड तास पुढे. सेल गेला म्हणून मी स्टूल घेऊन चढले, तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "राहू दे गं. मीच वॉचमनकडून करून घेतलंय. ती आता जेवायला बसली असेल." मी घड्याळावरची धूळ तेवढी पुसली, खाली उतरले आणि स्टूल जागेवर ठेवलं.