रोटाच्या पिठाचे बार

दीपनगर कॉलनीच्या बाहेर चंदनची जिम आहे. पत्र्याची शेड, थोडी वजनं आणि एक मोठा आरसा, एवढाच तिचा पसारा. ती चालते मात्र त्याच्या बायकोच्या, दिपमालाच्या हातावर, आणि त्याच बाईने जिमची पायरी कधी चढलेली नाही.

झालं असं की, विकतचे प्रोटीन बार परवडेनात म्हणून तिने फोनवर बघून ते घरीच केले. भट्टी नको, काही नको. बिया काढलेला खजूर, शेंगदाण्याचं कूट, डाळ्याचं पीठ, चंदनच्या जिममधली प्रोटीन पावडर. सगळं मळायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. जिमच्या पोरांना ते आवडले, आणि मग ते रोजचंच होऊन बसलं.

"तू माहेरी गेलीस तर पोरं मलाच खातील," चंदन हसत म्हणायचा. त्याच्या त्या हसण्यानेच दाराला कडी लागायची.

यंदा श्रावणात सोनगीरला तिच्या मायचं, ताईबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बुधवारी पट्टी निघणार होती. "पट्टी निंघनी का पहिले तुन्हं तोंड देखसू," माय फोनवर म्हणाली होती. रविवारी घरात कानबाई, खानदेशची देवी, बसली, तेव्हा दिपमालाने हात जोडून तेवढंच मागितलं. चंदनही कबूल झाला. "आठवड्याचे बार करून ठेव आणि खुशाल जा."

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून आल्यावर तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आणि परातीत हात घातला. पावसाळी हवेने खजूर चिकट झालेला. गोळा काही केल्या आळेना. तिने फळीवरचा डबा ओढला, त्यातलं गव्हाचं पीठ तुपावर भाजलं आणि गोळ्यात मिसळलं. आता कसा छान घट्ट झाला!

तेवढ्यात सासू भागाबाई आत आल्या. "कोणत्या डब्यातलं घेतलंस गं?"

दिपमालाचे हात परातीतच थांबले. ते रोटाचं, कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, पीठ होतं. घरातल्या माणसागणिक गहू मोजून, सोवळ्याने दळलेलं. वरच्या फळीवर पावडरीचा डबा मावेना म्हणून कालच तिने स्वतः हा पिठाचा डबा खाली उतरवला होता. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. आणि या घरची रीत अशी की, पीठ सरेपर्यंत घरच्या माणसाने गावाची वेस ओलांडायची नाही.

"कुणाला कळणार आहे?" मागोमाग आलेला चंदन म्हणाला. "जिममध्ये वाटून टाकतो."

"कानबाईला कळंल," भागाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पडला. त्यांनी दाराशी ठेवलेली पिशवी बघितली होती. "तूच सांग पोरी."

दिपमालाने नुसतं "वाटा" म्हटलं असतं, तर संध्याकाळच्या एसटीत बसली असती. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. जिच्याकडे जाणं मागितलं, तिलाच फसवून जायचं?

"नको," ती म्हणाली. "घरातच संपवू."

आठवड्याचा माल, आणि खाणारी तोंडं चार. सकाळी बार, दुपारी बार, जेवणानंतरही बार. सासरे तोतारामआबांची कवळी त्यात रुतून बसली.

"सूनबाई, हा रोट आहे का सायकलची ट्यूब?"

"आबा, दुधात बुडवा."

"बुडवला. पोहतोय अजून."

दुसऱ्या दिवशी चंदनने अर्धा बार खाली ठेवला. "पोरं हे रोज कसं खातात गं?"

"मी हे रोज कशी करते, ते नाही विचारलं तुम्ही," ती म्हणाली. मग त्याने टाकलेला अर्धा उचलून तिने स्वतःच्या तोंडात घातला. चावत राहिली. गिळेना, तरी चावत राहिली.

बुधवारी दुपारी फोन वाजला तेव्हा ताटात अजून एक थर शिल्लक होता. फोन भावजय रूपाचा होता. तिने तो मायच्या हातात दिला.

"पट्टी निंघनी वं माय," ताईबाई म्हणाली. "बठ्ठं दिसस. रूपा दिसस, निंबनं झाड दिसस. तू कोठे शे?"

दिपमालाच्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत पलीकडे माय थांबली.

"आठेच शे," ती म्हणाली. "घरमाच शे."

फोन ठेवून ती वळली. ओट्यावर पुढच्या बारांसाठी खजुराची नवी थैली होती. चंदन ती केव्हा ठेवून गेला, ते तिला कळलंही नव्हतं. दाराशी तिची पिशवी तशीच होती. तिने थैली उचलली, चंदनच्या खुर्चीवर नेऊन ठेवली आणि पुढचा बार हातात घेऊन पिशवीजवळ खाली बसली.