आईचं नाव तीनदा

तुम्हाला वाटत असेल, चला, आता हा पोरीबिरीचं काहीतरी सांगणार. नाहीतर कॉपी करून पास झालो, मालकाच्या गल्ल्यात हात घातला, असलं काहीतरी. आधीच सांगून ठेवतो, निराशा होईल. पोरगी नाही यात. गल्ला नाही. यात एक बटण आहे. काळं, अंगठ्याएवढं. दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बस. मी ते दाबलं — आणि पुढे जे झालं ते आजवर एका माणसाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. पिऊन टाइट झाल्यावर दोस्तांना पण नाही. प्यायला बसलो की मी आवाज काढतो, लोक पोट धरून हसतात, वेळ निघून जातो.

हां, आवाज. ते आधी सांगायला पाहिजे.

मी राजापूरचा. अभ्यासात ढ, पण हेडमास्तरांचा आवाज असा काढायचो की बाजूच्या वर्गातली पोरं उठून उभी राहायची. एसटीचा कंडक्टर, गावचा गुरव, रेडिओवर बातम्या वाचणारी बाई — सगळी माझ्या गळ्यात राहायला. मुंबईला आलो रेडिओ दुरुस्ती शिकून आणि नाबर काकांच्या दुकानात लागलो, अंधेरीला, सात बंगल्याकडे. काकांनी मोठ्या जहाजांवर वायरलेस चालवलेला. तिथल्याच एका कोळीवाड्याच्या सोसायटीने मासेमारीच्या बोटींसाठी वायरलेस सेट घेतले, ते बसवायचं काम आम्हाला मिळालं. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. कोळीवाड्याचं नाव घेत नाही. माणसं आहेत ना अजून तिथे.

सेट बसवले, मग काकांनी सगळ्या तांडेलांना सोसायटीच्या खोलीत बसवून शिकवलं. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान, बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. काका म्हणाले, बोट बुडायला लागली तर या चॅनलवर तीनदा म्हणायचं — मेडे, मेडे, मेडे. जगात कुठेही कळतं.

मग धर्मा तांडेल म्हणाला, "काय बोलाचा? मढे?"

"मढे नव्हे रे, मेडे."

"तेच ना. बोटीवर उभा र्‍हाऊन मी मढं मढं करू? सालं बुडत नसंल ती पन बुडंल."

काकांनी खूप समजावलं. इंग्रजी शब्द आहे, फ्रेंच आहे, अमुक आहे. एक जण ऐकायला तयार नाही. शेवटी काका वैतागून म्हणाले, मग तुम्हीच ठरवा एक शब्द, पण असा की मस्करीत कुणाच्या तोंडून निघणार नाही. तेव्हा जना तांडेल बोलला. म्हणाला, "ज्याची बोट, त्यानं आपल्या आयचा नाव घ्याचा. तीनदा. आयचा नाव खोटा कोन घेल?"

कुणीच नाही घेणार. सगळ्यांना पटलं. काकांना पण पटलं. मी कोपर्‍यात वायर सोलत बसलेलो, मला पण पटलं.

सोसायटीच्या खोलीत पण आम्ही एक सेट बसवला आणि छपरावर त्याचा भोंगा लावला. बोटीवरून कोणी बोललं की सगळ्या बंदराला ऐकू जायचं. बायका जाळी नीट करत, बोंबील सुकत घालत बसायच्या, भोंग्यातून नवर्‍याचा आवाज आला की लाजायच्या. झकास दिवस होते. मी गेलो की तांडेल म्हणायचे, ए दिग्या, काकाचा आवाज काढ. कंडक्टरचा काढ. मी काढायचो.

एकदा जनाच्या बोटीवर एरियल बसवत होतो. खलाशी जेवत होते, मी त्यांना हेडमास्तर करून दाखवला, सगळे लोळले. जना हसला नाही. घशात खर्र करायचा तो बोलण्याआधी, सवय होती. खर्र केलं आणि म्हणाला, "सगल्यांचं आवाज हायत तुज्याकडं. तुजा कुठला रे? का नायच? ढोलकी हायस, दोनीकडून वाजते, आत काय नाय."

खलाशी पुन्हा लोळले. या वेळी जास्त.

एवढंच. एवढ्यासाठी माणूस काही करतो का? तुम्ही केलं असतं? मी घरी गेलो आणि त्या दिवसापासून जनाचा आवाज बसवायला घेतला. आधी खर्र, मग नाकातून पहिला शब्द, शेवटचं अक्षर ओढून सोडायचं. कुणाला ऐकवला नाही. हेडमास्तर मी सगळ्यांना ऐकवला होता, पण हा नाही. लोकांना सांगायला मी स्वतःशी एक वाक्य तयार ठेवलं होतं, की ती मस्करी होती, वय होतं. वाक्य चांगलं आहे. पण मस्करी माणूस चारचौघांत करतो. हे मी दार लावून करत होतो.

त्या दुपारी काका सामान आणायला लॅमिंग्टन रोडला गेलेले. टेबलावर एका बोटीचा दुरुस्त झालेला सेट, त्याला त्याच बोटीची बॅटरी, एरियल दुकानाच्या छपरावर. जना समुद्रात होता. आणि मला माहीत होतं — हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं की जना सकाळी बंदर सोडताना एकदा बोलतो आणि बॅटरी वाचवायला सेट बंद करून टाकतो. काका त्यावरून त्याला नेहमी झापायचे. म्हणजे मी काय बोललो ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं. फक्त जनाला सोडून.

बटण दाबलं. खर्र केलं. आणि त्याच्या आवाजात, शेवटचं अक्षर ओढून — हिराबाय. हिराबाय. हिराबाय.

हिराबाय म्हणजे जनाची आई.

बटण सोडलं. मला वाटलं, सोसायटीच्या सेटवर बसलेला माणूस घाबरेल, मग मी बातम्यावाल्या बाईच्या आवाजात काहीतरी बोलेन, सगळे हसतील, जनाची फजिती होईल. पण सोसायटीतल्या माणसाने उत्तर द्यायला बटण दाबलं आणि तो बोलायच्या आधी मागून किंकाळी आली. हिराबाय भोंग्याखालीच बसली होती ना, म्हातारी. मग दुसर्‍या बोटींचे आवाज, एकावर एक — जना, कुठं हायस, जना, बोल.

मी पुन्हा बटण दाबलं. खरं सांगायला दाबलं. तोंड उघडलं आणि — काही नाही. दाबूनच बसलो. आता हे बटण असं असतं की एकाने दाबून ठेवलं की त्या चॅनलवर दुसर्‍या कुणाला बोलता येत नाही. सगळ्या बोटींवर, भोंग्यावर, सगळ्या बंदरावर फक्त माझा श्वास. धापा टाकल्यासारखा. बंदरावर त्यांना वाटलं जना बुडतोय.

सेट तसाच चालू सोडून मी धावलो. बंदरावर पोचलो तोवर बोटी सुटल्या होत्या. धर्माचा धाकटा भाऊ, पांडू, म्हणे घाईत बोटीचा दोर सोडवत होता. दोराचा फेरा हाताभोवती, आणि धर्माने इंजिन चालू केलं. बोटीने झटका घेतला. अंगठा सोडून त्या हाताला काही उरलं नाही. मी पोचलो तेव्हा धक्क्याच्या दगडावर एक बाई बादलीने पाणी मारत होती आणि पाणी लाल होऊन परत समुद्रात जात होतं. धर्मा थांबला नाही. भावाचा हात लुगड्याच्या फडक्यात बांधला, त्याला बोटीतच आडवा टाकला आणि तसाच निघाला. आईचं नाव घेतलं होतं ना जनाने. थांबणार कसा?

दिवस कलेपर्यंत सगळे शोधून रिकामे परतले. पांडू तोवर पांढरा पडला होता, त्याला हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेला.

आणि मग जना आला. बोट भरून पापलेट. लांबूनच हात हलवत आला.

मला वाटतं, उतरल्यावर त्याला पहिली मारली ती हिराबायनेच. टोपलीने, तोंडावर. "माजा नाव? जित्या आयचा नाव खोटा घेतलास?" त्याला कळेचना. मी कवा घेतला, मी कवा घेतला, एवढंच म्हणत होता. त्याचे खलाशी पण तेच सांगत होते, पण तांडेलाची माणसं तांडेलाचंच बोलणार, त्यांचं कोण ऐकतो. कुणीतरी विचारलं, सेट बंद का होता? तो म्हणाला, बॅटरी. लोक हसले. वाईट हसले. मग सोसायटीतल्या एका म्हातार्‍याने हिराबायला विचारलं, आवाज तुझ्या पोराचा होता का, नीट सांग. ती म्हणाली, "मी जनला त्याला. मी नाय वलखनार?"

धर्माच्या हातात वल्हं होतं. भावाचं रक्त कोपरापर्यंत वाळलेलं. पहिला फटका पाठीवर. दुसरा गुडघ्यावर, जना वाळूत बसला. मग सगळेच. लाथा, दोर, बोटीतली फळकुटं. पापलेट ओतून दिली त्याच्या अंगावर, त्यावरच तुडवत होते. आवाज कसा येतो माहितेय — ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा. मी बघत होतो. गर्दीत दुसर्‍या रांगेत. आणि जनाला मी दिसलो.

"तो," म्हणाला. दात पडला होता, शब्द नीट येत नव्हता. "त्या दिग्याला इचारा. तो सगल्यांचं आवाज काढते."

मार थांबला. सगळे माझ्याकडे वळले. धर्मा वल्हं टेकून जवळ आला. त्याच्या अंगाला घामाचा आणि रक्ताचा वास. म्हणाला, "काढ. जनाचा काढ."

आता ऐका. इतका वेळ मी गोल गोल फिरतोय ते यासाठी. बटण दाबलं ती चूक मी सांगितली, तुम्ही म्हणाल, पोरकट होता, माफ. पण मला जे सांगायचंय ते हे आहे. जनाचा आवाज माझ्या गळ्यात अगदी तयार होता. खर्र, नाक, ओढलेलं अक्षर. नुसतं तोंड उघडलं असतं तर हिराबायच्याच अंगावर काटा आला असता आणि जनाला सोडून ते माझ्यावर आले असते.

मी तो मुद्दाम वाईट काढला.

विचार करून, ठरवून. आवाज चढा लावला, खर्र गाळलं, शेवटचं अक्षर तोडलं. वर जरा घाबरल्यासारखं चाचरलो, म्हणजे बिचारा वाटेन. हिराबाय, हिराबाय — असं, शेळीसारखं. आयुष्यात मी एवढी मेहनत कुठल्या नकलेवर घेतली नव्हती.

मग हिराबाय थुंकली. म्हणाली, "हा? हा माज्या पोर्‍याचा आवाज? बकरी हाय ही." दोन-चार जण हसले. धर्माने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जा रे पोरा घरी, आणि वळला. आता जनाचा गुन्हा वाढला होता ना. स्वतः खोटं बोलून दुसर्‍याच्या पोरावर ढकललं. धर्माने वल्हं उलटं धरलं, जाड बाजूने, आणि कानावर मारलं. कानातून जे आलं ते मी पाहिलं. मग मी घरी गेलो. जा म्हणाले होते ना.

जना त्या कानाने बहिरा झाला. तांडेलपण गेलं, दुसर्‍याच्या बोटीवर खलाशी म्हणून चढायला लागला. हिराबाय त्याच्याशी बोलायची नाही. भोंगा उतरवला. पुढे एकेक करून तांडेलांनी सेट परत आणून टाकले, म्हणाले, याच्यावर कुणाचा आवाज खरा, कसं कळणार? बोटी पुन्हा पहिल्यासारख्या मुक्यानेच जाऊ लागल्या.

जना स्वतःचा सेट द्यायला आला तेव्हा काका आतल्या खोलीत होते. सेट टेबलावर ठेवला, चांगला कान माझ्याकडे केला. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला असेल. मी पावती लिहीत होतो. खर्र केलं त्याने. म्हणाला, "येवडा वाईट तू कवाच काढत नाय." मोठ्याने पण नाही बोलला. गेला.

आणि ओरडा बसला नाही असं नाही हां. बसला, बंदरावरच्या त्या संध्याकाळनंतर दुसर्‍याच दिवशी सकाळी. दुकान उघडून काका आत गेले आणि तिथूनच हाक मारली, दिगंबर. पूर्ण नावाने. मी गेलो. काका टेबलापाशी उभे, हात सेटवर.

"काल सेट चालू ठेवून गेलास?"

मी मान हलवली.

"बॅटरी पार मेली. गाढवा, खेळणं वाटतं का रे तुला हे? उद्या ही बोटीवर चढली असती, आणि भर समुद्रात माणूस हाक मारायला गेला असता, तर? घरी कोणाची तरी आई बसलेली असते, कळतं का? काल त्या जनाचं काय झालं ते ऐकलंस ना? जरा शिका त्यातून काहीतरी. अक्कल म्हणून नाही. तोंड काय बघतोस माझं, चार्जिंगला लाव."

मी लावली.