स्टँडवर जुळणाऱ्या रेषा

मार्चमधला दुसरा शनिवार. रक्कम अठ्ठावीस हजार, नव्या हबची. हजर तिघे: मी, सावळे मॅडम आणि त्यांचे यजमान. मॅडमची माउंटन बाइक माझ्या दुकानातल्या स्टँडवर चढवलेली, मागचं चाक अधांतरी. एकाच तक्रारीसाठी ती तिसऱ्यांदा आली होती.

नेहमीच्या गिअरच्या सायकलीला मागे दातेरी चकत्या दिसतात. हिला एकच आहे. आठही गिअर चाकाच्या मधोमध, हब नावाच्या बंद डब्यात. धुळीचा, चिखलाचा त्रास नाही. फक्त केबल नीट लावलेली हवी. चौथा गिअर टाकायचा आणि हबवरच्या दोन पिवळ्या रेषा समोरासमोर आणायच्या. थोडा फरक राहिला तरी गिअर अर्धवट बसतो आणि चढावर सटकतो.

मॅडमचा खडकवासल्याच्या वाटेवर सटकला. पेडल एकदम मोकळं फिरलं आणि गुडघा हँडलवर आपटला. दोनदा मी रेषा जुळवून दिल्या, दर वेळी साडेचारशे घेतले. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत सायकल परत आली. आज झाली तर झाली, नाहीतर विकायची, असं यजमानांनी आल्या आल्या सांगितलं.

मी रेषा पाहिल्या. तंतोतंत जुळत होत्या. म्हणजे हबच आतून गेला, असं म्हणून मी अठ्ठावीस हजारांचा आकडा सांगितला.

"विकूनच टाकू," यजमान म्हणाले. "नाहीतर पुढचं बिल गुडघ्याचं येईल."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहो, स्टँडवर ती मागच्या वेळीही छान चालत होती. पण मी खडकवासल्याला स्टँड घेऊन जात नाही."

बोलणं लागलं. पण खरं होतं. तिन्ही वेळा मी सायकल रिकामीच तपासली होती.

सायकल खाली घेतली. यजमानांना हँडल धरायला सांगितलं, मॅडमना वर बसवलं आणि मी टॉर्च घेऊन फरशीवर आडवा झालो. या सायकलीला मागेही सस्पेन्शन आहे. मॅडम बसल्या, मागची बाजू दबली, केबल ताणली गेली आणि रेषा एकमेकींपासून मिलिमीटरभर सरकल्या. त्या उतरल्या, रेषा पुन्हा जुळल्या.

जानेवारीत सर्व्हिसिंगच्या वेळी केबल लोंबकळताना बरी दिसत नव्हती. म्हणून मीच ती दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी फ्रेमला घट्ट आवळली होती. सस्पेन्शनसाठी मुद्दाम ठेवलेली ढील माझ्या टापटिपीने खाल्ली. मी तसं दोघांना सांगितलं.

"म्हणजे हब चांगला आहे?" यजमानांनी विचारलं.

"हब चांगला आहे. बांधणारा चुकला."

पट्ट्या कापल्या, केबल सैल ठेवून नव्या बांधल्या आणि मॅडम बसलेल्या असतानाच रेषा जुळवल्या. रविवारी त्या खडकवासल्याला जाऊन आल्या, यजमान स्कूटरवर मागे. सोमवारी दोघे दुकानात आले. गिअर एकदाही सटकला नव्हता. विकण्याचा विषय यजमानांनी काढला नाही.

तेव्हापासून मालकाला वर बसवल्याशिवाय मी अशी सायकल देत नाही. दोन वेळचे मिळून नऊशे रुपये मॅडमना परत केले. त्यांनी ते मोजून घेतले आणि नव्या पट्ट्यांचे सहा रुपये मला दिले.