चपलांजवळ ठेवलेलं चित्र

पाटी रंगवून झाली की गणपतकाका रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि डोळे इतके किलकिले करत, की माणूस उभ्या उभ्या झोपला असं वाटावं. आमचे शेजारीच ते. एकदा मी विचारलं, "अक्षरं नीट दिसतात का बघताय?"

"छ्या! अक्षरां दिसायची बंद झाली काय, ता बगतो. मग नुसता रंग ऱ्हातो. तो बरा, तर पाटी बरी."

जयगडच्या होड्यांवरची नावं, रत्नागिरीतली दुकानं, दवाखाने. कुठेही पाहा, त्यांचा हात दिसे. फ्लेक्स आला आणि काम आटलं. मग काका पडवीत बसून फळ्यांवर नुसते रंग लावू लागले. अक्षर नाही, माड नाही, होडी नाही. "दुसऱ्यांची नावां लय लिवली. आता माजा काय हाय, ता काडू दे."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी; पण चित्रापुढे उभं राहायला मला काकांनी शिकवलं. मी अर्थ विचारला की चिडवत, "फणसाचा वास आला तर अर्थ इचारतोस काय रे, बी. ए.?"

वाचनालयाने स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा मीच काकांच्या मागे लागलो. त्यांनी सगळ्यांत जास्त जीव लावलेली फळी दिली. कातळासारखा काळसर तांबडा रंग, थरावर थर, आणि वरच्या कडेला अंग चोरून बसलेला पिवळा. कोपऱ्यात पाटीवर करत तशीच सही: गणपत आर्ट्स.

उद्घाटनाला काका इस्त्रीचा सदरा घालून, काकींना घेऊन आले. दाराशीच थबकले. चपलांच्या ढिगाजवळ फळी टेकवलेली होती. तांबड्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'पादत्राणे येथे काढावीत'. खाली बाण.

वाचनालयाचे कार्यवाह हसत पुढे आले. "पेंटर, मजकूर लिहायलाच विसरलात की! खाली तुमचं नाव बघितलं, म्हटलं गडबडीत राहिलं असेल. शिपायाकडून लिहून घेतलं."

"अहो, ते चित्र आहे!" मी ओरडलो.

"चित्र? कशाचं?"

आत भिंतीवर माड होते, होड्या होत्या, गोंडस वासरू होतं. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

"कशाचा म्हंजे? माजा," काका म्हणाले.

"बरं, रॉकेलने पुसून देतो."

"अक्षरां पुसशीला. त्याखालचा रंग कुठनं आनशीला?"

काकी पुढे सरसावल्या. "तुमच्या पोरीच्या तोंडावर असा कोनी लिवला असता, तर चालला असता काय वो?"

काकांनी फळी उचलली आणि आत पाऊलही न टाकता परत फिरले. त्यानंतर त्यांनी एकही चित्र कुठे दिलं नाही. मी विनवलं, भांडलो. "माज्या घरात त्यांना कोनी कामाला लावत नाय," एवढंच म्हणत.

गेल्या वर्षी काका गेले. त्याच वाचनालयात शोकसभा झाली. तेच कार्यवाह गहिवरून बोलले, "आपल्या शहराचा सुंदर अक्षरांचा कारागीर हरपला. त्यांच्या कलेची आम्ही नेहमीच कदर केली."

माझ्याने बसवेना. उठून म्हणालो, "त्यांनी तुम्हांला चित्र दिलं होतं. तुम्ही त्यावर चपलांची सूचना लिहिलीत. त्यांची सगळी चित्रं पडवीत आहेत. कधी लावणार या भिंतीवर, ते आज सांगा."

अध्यक्षांनी घाईघाईने श्रद्धांजलीचं मौन पुकारलं. खुर्च्या सरकवत सगळे उभे राहिले. मी आधीच उभा होतो.