एकाच ओळीवर दोघी

स्क्रीनवर माझी ओळ वर, मंजिरीची खाली आणि मध्ये बरोबरच्या (=) चिन्हांची लांब रांग. आम्ही दोघींनी प्रोग्राममधली एकच ओळ बदलली, म्हणून सगळ्यांचं काम एकत्र जोडणारं गिट अडून बसलंय. कोणती ठेवायची ते तुम्हीच ठरवा, म्हणतंय.

दवाखान्यातून पेशंटला अपॉइंटमेंटची आठवण कधी जावी, एवढंच त्या ओळीत आहे. मी आदल्या संध्याकाळी म्हटलंय, तिने त्याच दिवशी सकाळी. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं काम गिटवर नंतर चढतं, त्याने गुंता सोडवायचा. त्यामुळे जो तो अर्धवट काम घाईघाईने चढवून मोकळा होतो आणि नीट तपासत बसणारा अडकतो.

मला वाटायचं, दोघांचं म्हणणं जसंच्या तसं समोर मांडलं की भांडण मिटतं. घरात तेवढंच तर होत नाही. इथे अगदी तसं मांडलंय, आणि काडीचा उपयोग नाही.

शेवटी मी खुर्ची वळवली. "सकाळी सांगून काय उपयोग? खेड्यातल्या माणसाची एसटी तोवर गेलेली असते."

"आदल्या दिवशी सांगितलेलं लोक विसरतात," मंजिरी म्हणाली. बराच वेळ वाद घातल्यावर तिने माझी ओळ मान्य केली.

मी काम चढवायला गेले, तर पुन्हा अडलं. तीच ओळ. आठवण दोन दिवस आधी जावी, असं मागच्या टेबलावरच्या समीरने करून ठेवलं होतं.

"तुमचं चाललं होतं ना," तो म्हणाला, "म्हटलं, तोवर आपलं चढवून घ्यावं."