रुमाल टाकलेल्या जागा

चारकोपच्या नंदकिशोर तळपद्यांना नाटकाचं भयंकर वेड. बिनानंबराच्या खुर्च्यांचा प्रयोग असला की हे दार उघडताच आत घुसणार आणि रुमाल, पिशवी, छत्री, हाताला लागेल ते टाकून अख्ख्या खानदानासाठी जागा अडवणार. कुणी भांडायला आलं तर भांडणार! म्हणून गंधालीच्या डॉक्टरबाईंचं बोलणं त्यांना चटकन कळलं.

गंधाली त्यांची मुलगी. बँकेत नोकरीला, सदा खिदळणारी. मग तिची झोप उडाली, आणि भिंतीतून माणसं आपल्याला हाका मारतात असं ती म्हणायला लागली. स्किझोफ्रेनिया.

"काका, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते येऊन बसतं त्या जागांना रिसेप्टर म्हणतात. हिच्या मेंदूत त्याची फार गर्दी होते. गोळी आधी जाऊन काही जागा अडवते."

"म्हणजे रुमाल टाकते!"

"अगदी तसंच."

आवाज थांबले, देवाची कृपा. पण खिदळणंही थांबलं. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. ह्याला बरं होणं म्हणायचं तर म्हणा बापडे! एकदा तीच म्हणाली, "बाबा, सगळीकडेच रुमाल पडलेत रे. आनंद येतो, उभा राहतो आणि निघून जातो."

परवा तिच्या भावाचा, मिहिरचा, पुण्याहून फोन आला. मुलगी झाली! गंधाली हसली. खांदे हलवून, अगदी पूर्वीसारखी हसली. दिवंगत आईची मऊ जुनी साडी कपाटातून काढून बाळाला झबली शिवायला बसली, वर गुणगुणतेय. नंदकिशोरांचे डोळे भरून आले. हे बघायला तिची आई, क्षमा, हवी होती, असं त्यांना फार वाटलं.

पण आज दुपार झाली तरी बाईसाहेब शिवतच आहेत. एक झालं की दुसरं, बोलणं भरभर, जेवणावर लक्ष नाही. गेल्या खेपेलाही आधी हसूच आलं होतं, भिंत मागाहून बोलायला लागली होती. आता हा आनंद की आजार, हे बापाने ओळखायचं कसं? त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"गोळी चुकवू नका, उद्या घेऊन या."

"पण नुसता आनंदच असला तर?"

"असेलही, काका. फोनवर नाही सांगता येणार."

संध्याकाळी ते गोळी घेऊन गेले, तर गंधालीने त्यांचा हात धरला. "आज नको ना, बाबा. एकच दिवस. आत्या झालेय मी. बसू दे की आनंदाला जरा."

काळजाचं पाणी झालं बिचाऱ्यांच्या. तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. "घे गं, बाळा," एवढंच म्हणाले.

तिने गोळी गिळली. मग कुणी न सांगता आ करून, जीभ उचलून दाखवली. आणि नंदकिशोरांनी वाकून बघितलं. बघावंच लागलं.

"बाबा, मी खरंच आनंदात होते," ती म्हणाली. "आजार नव्हता तो. तुला कळलं होतं ना?"

'हो' म्हणायला ह्यांचं तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना. गंधालीने जरा वाट पाहिली, आणि पलंगावरची कात्री, दोरा उचलून आवरायला घेतलं.